१४ महिने वापरलेला स्टिरिओ मायक्रोस्कोप: ऑस्ट्राकॉड वेचणारीचा अभिप्राय

एकूण मत आधीच सांगते: ५ पैकी ३.५. काचेला साडेचार, सोबत आलेल्या दिव्याला दीड, आणि फोकसच्या नॉबला किती द्यायचे ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याला फारसा अर्थ नाही. हाच पांढरा-राखाडी मायक्रोस्कोप वेगवेगळे विक्रेते आपापलं स्टिकर लावून विकतात. ग्रीनो पद्धतीची रचना (दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे, तिरपे भिंगमार्ग), ०.७ ते ४.५ झूम, १० पटीचे आयपीस, म्हणजे एकूण ७ ते ४५ पट. वर कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी, बैठकीत खालून लागणारा दिवा, आणि खोक्यात भेट म्हणून एक गोल एलईडी रिंग. शोधाशोध केलेल्यांच्या नजरेखालून तो गेलाच असेल.

खोक्यावर सोल्डरिंग, दागिने, नाणी, कीटक असे उपयोग छापलेत. माझा त्यात नाही. मी तळ्यांच्या गाळातून ऑस्ट्राकॉड वेचते. तीन महिन्यांच्या हंगामी कामावर आले होते, त्याला ९ वर्षं झाली.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: ऑस्ट्राकॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला जीव, पण गोड्या पाण्यातले बहुतेक अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे. पाठीवर बिजागरीने जोडलेल्या दोन शिंपल्या, आणि हे महाशय त्यांच्या आत दार लावून बसलेले. मेल्यावर मऊ अंग कुजून जातं, शिंपल्या गाळात राहतात. प्रौढ होईपर्यंत हा प्राणी आठ वेळा कात टाकतो, आणि दर वेळी नवी शिंपली घडवायला लागणारं कॅल्शियम जुन्या शिंपलीतून न घेता थेट भोवतीच्या पाण्यातून घेतो. काम काही तासांत, फार तर काही दिवसांत उरकतं. त्यामुळे एकेका शिंपलीत त्या थोडक्या दिवसांतल्या पाण्याची नोंद राहते. पाणी किती गरम होतं, त्यात जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचा जास्त वजनाचा प्रकार) किती होता, क्षार किती होते, हे सगळं तिच्या कॅल्साइटवरून, म्हणजे ती ज्या चुनखनिजाची बनते त्यावरून, ताडता येतं. हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याबद्दल इतकं नेमकं बोलणारा साक्षीदार दुसरीकडे सहज मिळत नाही.

माझं काम या साक्षीदाराला शोधून बाहेर काढायचं. तळ्याच्या बुडातून नळीने काढलेला गाळाचा दंडगोल, म्हणजे कोअर, सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापायचा. एकेक चकती सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून सुटी करायची, २५० आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्यांवर हलक्या धारेने धुवायची, वाळवायची. मग उरलेला चुरा काळ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक ब्रशच्या ओलसर टोकाने शिंपल्या एकेक उचलून ६० चौकोनांच्या स्लाइडवर मांडायच्या. दिवसाचे सहा-सात तास. दुकानात पाच मिनिटं डोळा लावून घेतलेला मायक्रोस्कोप इथे सहाव्या तासाला आपला खरा स्वभाव दाखवतो.

काच

काच खरोखर चांगली निघाली. ७ पटीला साधारण २८ मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, म्हणजे ट्रेमधल्या तीन-चार रांगा एका नजरेत. ४५ पटीला तेच वर्तुळ साडेचार मिलिमीटरच्या आत येतं, आणि एक मिलिमीटरची शिंपली त्याच्या रुंदीचा जवळजवळ पाव भाग व्यापते. कडेला थोडं धूसर होतं, पण शिंपलीच्या काठावर निळी-जांभळी झालर फारशी दिसत नाही. आधीच्या मायक्रोस्कोपमध्ये ती इतकी होती की पारदर्शक शिंपलीची कड कुठे संपते हेच कळायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र मी त्याला शिव्या घातल्या. झूम केलं की फोकस जायचा. दिवसातून हजार वेळा झूम आत-बाहेर करणाऱ्याला हे परवडत नाही. दोष यंत्राचा नव्हता, मी जुळणी केली नव्हती. आधी ४५ पटीला जाऊन मोठ्या नॉबने नेमकं फोकस करायचं. मग नॉबला हात न लावता ७ पटीला यायचं आणि एकेक डोळा मिटून आयपीसवरच्या कड्या फिरवून चित्र स्वच्छ करायचं. दोन-तीन वेळा असं केलं की झूमभर फोकस टिकतो. माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही. त्यात 'लेन्स चाटू नये' असं मात्र आहे.

चष्मेवाल्यांनी रबरी कप दुमडून ठेवावेत. बघायची नळी ४५ अंशांत आहे, मानेसाठी ती जरा जास्तच. मी खुर्ची खाली न करता मायक्रोस्कोपच एका फळीवर उचलून ठेवला, तेव्हा खांद्यांची तक्रार थांबली.

दिवा

आता मुख्य भांडण.

सोबत आलेली एलईडी रिंग लेन्सभोवती बसते आणि चारी बाजूंनी सारखा प्रकाश टाकते. सर्किट बोर्ड बघणाऱ्याला हे वरदान असेल. शिंपली बघणाऱ्याला नाही. शिंपलीवर खळगे असतात, जाळी असते, गाठी असतात, काठाला पातळ पट्टी असते. हे सगळं ओळखू येतं ते सावलीमुळे, आणि रिंग सावलीच पडू देत नाही. वर तिचे दिवे गुळगुळीत शिंपलीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखे चमकतात. सगळ्या शिंपल्या एकसारख्या: पांढऱ्या, लांबट, सपाट.

दुसरी गोष्ट रंगाची. हा प्रकाश निळसर आहे. चांगली टिकलेली शिंपली काचेसारखी किंवा किंचित पिवळसर पारदर्शक असते. जिच्यावर नंतर दुसरं कॅल्साइट चढलं आहे किंवा जी झिजली आहे ती खडूसारखी पांढरट दिसते. रासायनिक तपासणीला पहिली पाठवायची, दुसरी नाही. निळ्या प्रकाशात दोन्हींमधला फरक निम्मा मावळतो.

तिसरी गोष्ट घाणीची. शिंपलीच्या आतल्या बाजूला, काठाच्या पन्हाळीत, चिकणमाती दडून बसते. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात चिवास, डी डेक्कर आणि शेली यांनी ऑस्ट्राकॉडच्या शिंपल्यांतलं मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम मोजून जुन्या तळ्यांचं तापमान आणि खारेपणा ताडण्याचा पाया घातला. आता मॅग्नेशियम मोजायचं आणि शिंपलीला मॅग्नेशियमवालीच माती चिकटलेली, मग आपण पाणी मोजतोय की चिखल? माती दिसली तर ब्रशने काढता येते, इथेनॉलमध्ये धुता येते. रिंगच्या प्रकाशात ती दिसतच नाही.

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून कळत होतं असं म्हणणार नाही. नवं यंत्र, नवा दिवा, टेबलावर वायर कमी. मी खूश होते. तीन महिने मी रिंगखाली वेचत राहिले.

मग एका चकतीच्या रासायनिक तपासणीचे आकडे आले. एकाच सेंटिमीटरमधल्या कॅन्डोना नावाच्या ऑस्ट्राकॉडच्या पिल्लांच्या शिंपल्यांच्या दोन पुड्या केल्या होत्या, प्रत्येकीत बऱ्याच शिंपल्या एकत्र. लहान शिंपल्यांचं वजन मायक्रोग्रॅममध्ये असतं, एकटीने यंत्राचं भागत नाही. एकेकटी मोजली असती तर आकडे मागेपुढे होणं समजू शकते. एक उन्हाळ्यात घडलेली, एक थंडीत. पण बऱ्याच एकत्र केल्या की सरासरी जवळ यायला हवी. इथे जड ऑक्सिजनचे आकडे दर हजारी एकाहून जास्त फरकाने वेगळे.

"ताई, मशीन बिघडलं असेल," नवा मुलगा म्हणाला. सर काही बोलले नाहीत, फक्त स्लाइड माझ्यासमोर आणून ठेवली. त्यांची हीच पद्धत.

स्लाइडवर काही शिंपल्या शिल्लक होत्या. रिंग बंद केली, शिंपल्या काचेवर घेतल्या, पाण्याचा थेंब टाकला आणि बैठकीतला खालचा दिवा लावला. ओली शिंपली खालच्या प्रकाशात जवळजवळ पारदर्शक होते, आणि तिच्या मधोमध स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथले ठसे दिसतात. कॅन्डोनाचे ठसे एखाद्या पंजासारखे असतात. माझ्या 'कॅन्डोना'पैकी काहींना पंजा नव्हता, फुलासारखं गोल कडं होतं. म्हणजे डार्विन्युला स्टीव्हन्सोनी, ऑस्ट्राकॉडचीच पण दुसरी जात. निमुळती, गुळगुळीत, पाऊण मिलिमीटरच्या आसपासची. सपाट प्रकाशात कॅन्डोनाच्या पिल्लांमध्ये बेमालूम मिसळून गेलेली. ९ वर्षांत ही चूक माझ्या हातून झाली नव्हती, निदान पकडली तरी गेली नव्हती.

आता ही चूक किती महाग ते बघा. प्रत्येक जातीची एक खोड असते. त्याच पाण्यात, त्याच तापमानाला नुसतं कॅल्साइट बनलं असतं तर त्यात जितका जड ऑक्सिजन आला असता, त्यापेक्षा कॅन्डोनाची मंडळी दर हजारी सुमारे २.२ जास्त घेतात. डार्विन्युला सुमारे ०.७ जास्त. प्रत्येक जात आपली खोड बऱ्यापैकी कायम ठेवते, म्हणून जात माहीत असली की ती वजा करता येते. जात चुकली तर दीडचा घोळ. आणि पाणी एका अंशाने तापलं की कॅल्साइटमधला हा आकडा साधारण ०.२२ ने उतरतो. म्हणजे पुडीभर डार्विन्युला कॅन्डोना म्हणून गेल्या, तर आलेखात सहा-सात अंशांची खोटी ऊब दिसेल. माझ्या एका पुडीत भेसळ बरीच होती, म्हणून फरक डोळ्यात भरला. थोडी असती तर जास्त धोक्याची: मोठी चूक कोणीही पकडतं, अर्ध्या-एक अंशाची चूक हवामान म्हणून खपून जाते.

जर्मनीतल्या आमरझे तळ्याचं उदाहरण आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. उलरिच फॉन ग्राफेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये तिथल्या खोल पाण्यातल्या ऑस्ट्राकॉडवरून १५,५०० ते ५,००० वर्षांपूर्वीचा काळ जवळजवळ दशकादशकाने उलगडला. खोल तळाशी पाणी वर्षभर साधारण ४ अंशांवर असतं, म्हणून शिंपलीतल्या आकड्यातून पाण्याच्या तापमानाची लुडबुड जवळपास निघून जाते आणि पावसातल्या ऑक्सिजनचा, म्हणजे पर्यायाने हवेच्या तापमानाचा माग उरतो. ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकच्या भोवती आलेली थोडक्या काळाची थंडी त्या तळ्यातल्या शिंपल्यांत दिसते. आलेखातली ती खाच दर हजारी एकापेक्षाही कमी खोल आहे. माझी पुडी त्या जागी असती तर खाच उगाच खोल दिसली असती, नाहीतर नसलेल्या ठिकाणी उगवली असती.

त्या दिवशी रिंग खोक्यात गेली ती गेलीच. आता दोन लवचिक मानेचे दिवे वापरते, उबदार पिवळ्या प्रकाशाचे. एक डावीकडून अगदी आडवा, जवळजवळ ट्रेला समांतर. दुसरा उजवीकडून मंद. आडव्या प्रकाशात शिंपलीवरची जाळी शेतातल्या सऱ्यांसारखी उठून येते. जुने हॅलोजन दिवे रंगाला छान, पण त्यांच्या उष्णतेने ब्रशचं टोक सारखं वाळतं, म्हणून एलईडीच, फक्त नीट निवडून घेतलेले. खालचा दिवा मात्र यंत्राचाच वापरते. त्याचा प्रकाश एकसारखा आहे आणि मंद-प्रखर करता येतो. स्नायूंचे ठसे त्यात व्यवस्थित दिसतात. काचेला दिलेल्या साडेचारांतला अर्धा त्याचा.

नॉब

हा मायक्रोस्कोप हळूहळू बसतो. शब्दशः. फोकस लावला, दहा मिनिटांनी चित्र मऊ झालं, पुन्हा लावला. वर कॅमेरा चढवला की वजनाने आणखी लवकर.

एका संध्याकाळी मी २ पटीची जोड-लेन्स लावून काम करत होते. ही लेन्स लावली की वस्तू आणि काच यांच्यातलं १०० मिलिमीटरचं अंतर ३०च्या आसपास येतं. कॅमेरा वर तसाच, ट्रे खाली तसाच. सकाळी आले तर सगळं डोकं खाली सरकून लेन्सची कड चुऱ्यात टेकलेली. ६४० ते ६४१ सेंटिमीटरची चकती, अर्धी वेचून झालेली. किती शिंपल्या चुरडल्या ते मोजायला जिवावर आलं. त्या चकतीची मोजणी मी नोंदवहीत लाल शाईने बाद केली. अखंड-मोडक्यांचं, प्रौढ-पिल्लांचं प्रमाण यावरून शिंपल्या तिथेच मेलेल्यांच्या आहेत की प्रवाहाने वाहून आलेल्या, हे ठरतं. लेन्सने मोडलेल्या शिंपल्या त्यात धरता येत नाहीत.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, 'हे या मॉडेलमध्ये नॉर्मल आहे', आणि आठवड्याने पाकिटातून एक षटकोनी किल्ली आली, जी कुठल्याच स्क्रूला बसत नाही. ती मी कागद दाबायला वापरते.

पटीची हाव

जाहिरातीत १८० पट लिहिलेलं दिसलं तर हुरळू नका. २० पटीचे आयपीस आणि २ पटीची लेन्स लावून गणित तेवढं होतं, पण चित्र फुगतं, तपशील वाढत नाही, आणि लेन्सखाली ब्रश घालायला जागा उरत नाही. मी ९५ टक्के वेळ २० ते ३० पटीत असते. जात पक्की करायला ४५.

त्यापुढचं काम या यंत्राचं नव्हेच. सायप्रिडीस टोरोसा नावाची एक जात गोड्या पाण्यापासून समुद्रापेक्षा खाऱ्या पाण्यापर्यंत कुठेही राहते. पाणी कमी खारं असेल तर तिच्या शिंपलीवर फुगीर गाठी येऊ शकतात. त्या इथे मस्त दिसतात, आडव्या प्रकाशात तर टेकड्यांसारख्या. पण तिच्या शिंपलीवर चाळणीसारखी सूक्ष्म छिद्रंही असतात, आणि खारेपणा बदलला की गोल, लांबट, वेड्यावाकड्या छिद्रांचं आपसातलं प्रमाण बदलतं. ती मोजायला आम्ही शिंपली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपकडे पाठवतो. घरगुती बैठकीवर ते दिसेल असं कोणी सांगत असेल तर त्याने ती छिद्रं स्वतः पाहिलेली नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल एकच वाक्य: खोक्यासोबतचा घेऊ नका, आयपीसला फोन लावून बरे फोटो येतात.

ट्रेबद्दल मात्र जरा जास्त. सोबत काळा प्लास्टिकचा ट्रे येतो. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साठते आणि ब्रश जवळ नेताच शिंपली टुणकन उडते. हजारो वर्षं गाळात शांत पडून राहिलेली वस्तू माझ्या टेबलावरून नाहीशी होते आणि मी गुडघ्यांवर बसून फरशी बघते. धातूचा, मॅट काळा रंग दिलेला, चौकोन आखलेला ट्रे करून घ्या.

कोणी घ्यावा

शिकणाऱ्यांनी, छोट्या प्रयोगशाळांनी, घरी बसून वेचणाऱ्यांनी जरूर घ्यावा, दिव्याची वेगळी सोय करूनच. रोज आठ तास बसणाऱ्या दोघा-तिघांमध्ये एकच यंत्र असेल तर मजबूत खांबाचं दुसरं काही पाहा.

मला अजून यावर राग आणि लोभ दोन्ही आहे. १९९५मध्ये हॉडेल, कर्टिस आणि ब्रेनर यांनी मेक्सिकोतल्या चिचानकानाब तळ्याच्या कोअरवरून इ.स. ८०० ते १०००च्या दरम्यानचा मोठा दुष्काळ दाखवला, आणि माया नगरांच्या ऱ्हासाशी त्याचा संबंध असू शकतो ही चर्चा पेटली. बाष्पीभवन वाढलं की हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, पाण्यात जड उरतो, तो शिंपल्यांत उतरतो. जिप्समच्या थरांबरोबर ऑस्ट्राकॉड आणि गोगलगाईंच्या कवचांवरही तो निष्कर्ष उभा होता. तो आलेख पाहिला की मला नेहमी वेचणारा माणूसच आठवतो. त्याच्या टेबलावर दिवा कुठल्या बाजूला होता, कोण जाणे.

ता. क. नॉब सैल पडतो त्यावर उपाय आहे, किल्ली लागत नाही. दोन्ही बाजूंचे फोकस नॉब दोन हातांत धरा आणि एकमेकांच्या उलट दिशेला पिळा. एका दिशेला घट्ट होतात, दुसऱ्या दिशेला सैल. दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. आणि घरी जाताना ट्रे लेन्सखालून काढून ठेवा.